नादारीचा अर्ज

नादारी हा शब्द आता मुलांना समजावून सांगावा लागतो. १९८४ साली सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी कॉलेजच्या ऑफिसात कनिष्ठ लिपिक म्हणून लागले, तेव्हा आमचे हेडक्लार्क तो रोज वापरायचे. मुलं फीमाफीच्या सवलतीला ई.बी.सी. (इकॉनॉमिकली बॅकवर्ड क्लासेस) म्हणायची, छापील फॉर्मवर तिचं लांबलचक सरकारी नाव असायचं, आणि हेडक्लार्क मात्र विचारायचे, "बाई, नादारीचे अर्ज किती झाले?" शब्द फारसीतून आलेला. नादार म्हणजे ज्याच्यापाशी काही नाही असा माणूस. पूर्वी शाळा मोजक्याच गरीब मुलांना फी माफ करायच्या, ती नादारी. हेडक्लार्क स्वतः नादारीवर मॅट्रिक झालेले. हेडमास्तरांच्या खोलीत वडिलांनी डोक्यावरची टोपी काढून टेबलावर ठेवली होती, एवढंच ते त्यातलं सांगत. पुढचं कधी सांगितलं नाही.

त्यानंतर पस्तीस वर्षं, २०१९ साली निवृत्त होईपर्यंत, शिष्यवृत्तीचं टेबल माझ्याकडे होतं. फॉर्मच्या शेवटी 'कार्यालयीन उपयोगासाठी' असा एक चौकोन असे. त्यात 'पात्र / अपात्र' असे दोन शब्द शेजारी शेजारी छापलेले. त्यातला एक लाल शाईने खोडायचा, खाली सही करायची, शिक्का मारायचा. हजारो फॉर्मांवर मी तो शब्द खोडला असेन. ही लाल रेघ ओढायचा अधिकार पूर्वी कोणाकडे होता, आणि तो फिरत फिरत माझ्यासारख्या कारकुनाच्या टेबलावर कसा आला, हे कळावं म्हणून मी संध्याकाळी आमच्याच ग्रंथालयात बसून वाचायला लागले. तेच इथे मांडते आहे.

विद्येसाठी राज्याने पैसा वाटायची आपल्याकडची जुनी रीत म्हणजे दक्षिणा. तळेगावच्या सेनापती दाभाड्यांनी श्रावणात ब्राह्मणांना दक्षिणा द्यायला सुरुवात केली. १७३१ साली डभईच्या लढाईत त्रिंबकराव दाभाडे पडले, आणि पुढे हा श्रावणाचा खर्च पेशव्यांनी पुण्यात चालवला. पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात दूरदूरचे ब्राह्मण जमत. शास्त्रीपंडितांची परीक्षा होऊन त्यांना मोठी बिदागी मिळे, बाकीच्यांच्या हातावर दारातून बाहेर पडताना नाणी पडत. घरात दाणा आहे की नाही हे तिथे कोणी विचारत नसे. जन्म आणि पाठांतर, एवढंच बघत.

१८१८ ला पेशवाई गेली. इंग्रज अधिकारी एलफिन्स्टनने दक्षिणा एकाएकी बंद केली नाही. रक्कम कमी केली, आणि त्यातल्या पैशावर १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. पुढे डेक्कन कॉलेज झालं ते हिच्यातूनच. १८४९ साली लोकहितवादी आणि त्यांच्या बरोबरीच्या मंडळींनी सरकारकडे अर्ज केला, की या दक्षिणेतला काही भाग मराठीत चांगली पुस्तकं लिहिणाऱ्यांना बक्षीस म्हणून द्यावा. पुण्यात मोठा गहजब झाला. अर्ज करणाऱ्यांना मारहाण होईल अशी वेळ आली, तेव्हा जोतीराव फुले महार-मांग वस्तीतली माणसं घेऊन त्यांच्या संरक्षणाला उभे राहिले. ज्यांना त्या रमण्याच्या दारात कोणी उभं केलं नसतं, ते लोक तो पैसा कोणाला मिळावा या भांडणात एका बाजूने उभे होते. मला हा प्रसंग फार मोठा वाटतो. १८५१ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी झाली, आणि पुढे त्याच निधीतून कॉलेजातल्या हुशार पदवीधरांसाठी दक्षिणा फेलोशिप निघाल्या. न्यायमूर्ती रानडेही दक्षिणा फेलो होते.

पण माझ्या टेबलाच्या दृष्टीने खरं महत्त्वाचं कागदपत्र १८८२ चं आहे. शिक्षणाच्या हंटर कमिशनपुढे फुल्यांनी निवेदन दिलं. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि खर्च होतो तो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर, प्राथमिक शिक्षण मात्र उपाशी राहतं, हे त्यातलं सगळ्यांना माहीत असलेलं म्हणणं. शिष्यवृत्त्यांबद्दल त्यांनी जे लिहिलंय त्याकडे कमी लक्ष जातं. चढाओढीच्या परीक्षेने शिष्यवृत्ती द्यायची पद्धत वरवर न्यायाची वाटते, पण तिच्यामुळे शिक्षण इतर वर्गांत पसरत नाही, म्हणून ज्या वर्गांत अजून शिक्षण पोचलंच नाही त्यांच्यासाठी काही शिष्यवृत्त्या वेगळ्या ठेवाव्यात, असं त्यांचं सांगणं आहे. ज्या घरात दिवाच नाही त्या घरातल्या पोराची तुलना मास्तरांच्या पोराशी गुणांवर करू नका, असं ते म्हणत होते. शंभर-सव्वाशे वर्षांनी माझ्यासमोर फॉर्म यायचे तेव्हा त्यावरही टक्केवारीचा रकाना असायचा, आणि मला दर वेळी हे वाक्य आठवायचं.

मधल्या काळात गरीब मुलं शिकली नाहीत असं नाही. ती शिकली माधुकरीवर आणि वार लावून. सात दिवसांची सात घरं. सोमवारी एकाकडे, मंगळवारी दुसऱ्याकडे, आणि एखादं घर सुटलं की त्या दिवशी पाणी पिऊन झोपायचं. पुण्यात १९०९ साली अनाथ विद्यार्थी गृह निघालं ते अशाच मुलांसाठी. ज्या पिढीची नावं आपण आदराने घेतो तिच्यातली कितीतरी माणसं याच वाटेने गेली. गोपाळ कृष्ण गोखल्यांचे थोरले भाऊ गोविंदराव पंधरा रुपये पगारातले आठ रुपये धाकट्याच्या शिक्षणाला पाठवत. भावाच्या पोटाला चिमटा ही त्या काळची शिष्यवृत्ती होती. धोंडो केशव कर्वे मुरुडहून घाट चढून पायी साताऱ्याला परीक्षेला आले, पावसापाण्यात शंभरावर मैल. वय सतरा पूर्ण लागत होतं. ते पूर्ण होतं, पण मुलगा दिसायला लहान म्हणून कमिटीने परीक्षेला न बसवता परत पाठवलं. आमच्या जिल्ह्याच्या गावात ही गोष्ट घडली, म्हणून नवा शिपाई किंवा नवा लिपिक ऑफिसात आला की मी ती त्याला सांगायचे. समोर उभं असलेलं पोर किती मैल चालून आलंय हे फॉर्मवर लिहिलेलं नसतं.

वारांची ही सोय कोणासाठी होती हेही बघायला हवं. वार लावायला घर लागतं आणि त्या घराच्या आत पाऊल टाकायची मुभा लागते. कुणब्याच्या, धनगराच्या, महाराच्या पोराला पुण्यात वा कोल्हापुरात कोणतं घर सात वारांतला एक वार देणार होतं? शाहू महाराजांनी बोर्डिंगं काढली ती हे ओळखून. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, त्याच सुमाराला जैन बोर्डिंग, मग एकेक जातीचं वसतिगृह, आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. जातवार बोर्डिंगं का, असा प्रश्न आज कोणी विचारील. पंक्तीला बसायचीच पंचाईत होती त्या काळात निदान पोरं शहरात राहू तरी लागली. या मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला जैन बोर्डिंगमधला एक मुलगा गेला, आणि परत आल्यावर अंघोळ करून शुद्ध व्हायला त्याने नकार दिला. त्याला बोर्डिंग सोडावं लागलं. तो मुलगा म्हणजे भाऊराव पाटील.

बडोद्याची गोष्ट वेगळी. सयाजीराव गायकवाडांनी भीमराव आंबेडकरांना बी.ए.साठी महिना २५ रुपये दिले. केळुसकर गुरुजींनी शब्द टाकला होता. १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात जायला महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती मिळाली, तीन वर्षांसाठी, आणि बदल्यात परत येऊन दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची असा करार झाला. करार कागदावर होता, सही होती. पुढे बडोद्यात त्यांना राहायला घर मिळालं नाही आणि नोकरी सोडून यावं लागलं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. शिष्यवृत्ती देणाऱ्याचं मन मोठं असलं तरी ती त्याच्या मर्जीवर असते, आणि घेणारा त्याच्या ऋणात राहतो. मला वाटतं, बाबासाहेबांना हे अंगावर झेलून कळलं होतं. १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांनी अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचं निवेदन लिनलिथगोला दिलं, त्यातून उच्च शिक्षणासाठी वर्षाला तीन लाख रुपये मंजूर झाले, आणि १९४४ पासून मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती सुरू झाली. ऑफिसात आम्ही जिला 'भारत सरकार' म्हणायचो ती हीच. एकाने शब्द टाकला आणि दुसऱ्याने कृपा केली, असं तिच्यात उरलं नाही. नियमात बसणाऱ्या मुलाने ती मागून घ्यायची होती.

भाऊराव पाटलांनी तिसरीच वाट काढली. १९१९ मध्ये कराडजवळच्या काल्याला रयत शिक्षण संस्था सुरू झाली, १९२४ ला ती साताऱ्याला आली, बोर्डिंगमध्ये सगळ्या जातींची पोरं एका पंक्तीला जेवू लागली. धान्य संपलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं. १९४७ ला साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं ते कमवा आणि शिका या तत्त्वावर. पोरं शेतात खपायची, बांधकामावर दगड वाहायची आणि बी.ए. व्हायची. फी नाही आणि कोणापुढे नादारीचा अर्ज नाही. भाऊरावअण्णांच्या हाताखालून गेलेले दोघेतिघे प्राध्यापक आमच्या कॉलेजात होते. खडू धरायच्या त्यांच्या बोटांवर कुदळीचे घट्टे शेवटपर्यंत होते.

आता १९५९. यशवंतराव चव्हाण तेव्हा द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री. देवराष्ट्र्याचा, लहानपणी वडील गेलेला, आईने कष्ट करून शिकवलेला माणूस. त्यांच्या सरकारने ठरवलं, की ज्या पालकाचं वार्षिक उत्पन्न ९०० रुपयांच्या आत आहे त्याच्या मुलाला फी माफ. पुढे ही मर्यादा १२०० झाली. ९०० म्हणजे महिन्याला ७५, १२०० म्हणजे १००. जात कोणतीही असो, टक्के कितीही असोत, शाळेच्या संचालक मंडळात ओळख असो नसो. उत्पन्न एवढं असेल तर फी माफ, विषय संपला. हेडमास्तरांच्या टेबलावर टोपी ठेवायची गरज त्या एका आदेशाने संपली. कितीक शेतकऱ्यांची, शेतमजुरांची पोरं त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत आपल्या घराण्यातली पहिली पदवीधर झाली. आजचे निवृत्त इंजिनिअर, मामलेदार, प्राचार्य यांना विचारा. "ई.बी.सी. होती म्हणून," असं ते सांगतात.

मीही त्यातलीच. माणदेशातलं गाव, दोन एकर जिरायत, वडील मी चौथीत असतानाच गेले. आई पाझर तलावाच्या कामावर जायची. १९७९ मध्ये मी अकरावीला फॉर्म आणला आणि आईला घेऊन चावडीत गेले. तलाठी भाऊसाहेबांनी सातबारा उघडला आणि मान हलवली. सातबाऱ्यावर अठरा एकर होते. आजोबांच्या नावचं सगळं, चुलत्यांच्या वाटण्या तोंडी झालेल्या, कागदावर काहीच नाही. कागदावरून आम्ही अठरा एकरांचे धनी होतो. "दाखला कसा द्यायचा, बाई?" भाऊसाहेब म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनाही खाली सही करायची होती.

आम्ही परत आलो. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा भाऊसाहेब फिरतीवर होते. तिसऱ्या वेळी आईने कामावरचा खाडा केला. चावडीच्या उंबऱ्याशी उकिडवी बसली आणि म्हणाली, "सातबाऱ्यावर अठरा हाईत भाऊसाहेब, पर माज्या चुलीम्होरं किती हाईत त्ये बघा की. चला, दावते."

आणि ते खरंच आले. पायरीवर चपला काढून आत डोकावले. चूल, दोन गाडगी, कोपऱ्यात अर्धं पोतं हुलगं. पोलीस पाटलांना बोलावून घेतलं, वाटणी कशी झालीय ते विचारलं, जबाब लिहिला, खाली पाटलांची सही आणि आईचा अंगठा घेतला. मग दाखला लिहिला. शाईचा निळा रंग, उत्पन्नाचा आकडा आधी आकड्यात आणि मग कंसात अक्षरी, वर 'खात्रीलायक माहितीवरून' असे शब्द. आईने विचारलं, "काय लिवलंय?" मी वाचून दाखवलं. आकडा ऐकून ती म्हणाली, "एवढं तरी कुटं हुतंय." घरी येऊन दाखला पिशवीत घालून तिने तुळईला टांगला, पावसात भिजू नये म्हणून.

तो कागद मी अजून विसरलेली नाही. पुढे टेबलावर बसले तेव्हा प्रत्येक दाखल्यामागे मला एक चावडी दिसायची. एखाद्या मुलीचा बाप सातबाऱ्यावर मोठा आणि चुलीपुढे रिकामा असेल, हे मला कागद न उघडता कळायचं. उलटंही कळायचं. दहा एकर उसाचा बागायतदार, त्याचं उत्पन्न तलाठ्याच्या अंदाजाने मर्यादेच्या आत. आणि पतसंस्थेतल्या शिपायाचा पगार मात्र पावतीवर छापून येतो, त्यातला एक रुपया लपत नाही. १९९१ साली अशाच एका शिपायाच्या मुलाचा फॉर्म माझ्याकडे आला. बापाचा पगार मर्यादेच्या वर गेला होता, वर्षाला १२० रुपयांनी. महागाई भत्ता वाढला होता, म्हणून. भत्ता वाढतो तो बाजारात सगळं महागलं म्हणून, पण फॉर्मला ते दिसत नाही. मी नियम पाहिला, पुन्हा पाहिला, प्राचार्यांना विचारलं आणि 'पात्र' हा शब्द खोडला. पोराने दुसरं सत्र भरलं नाही. मुंबईला कामाला गेला असं त्याच्या मित्राने सांगितलं. आजही तो फॉर्म समोर आला तर नियमाने मला तेच करावं लागेल, आणि ते चूकच असेल.

उत्पन्नमर्यादेचं हेच दुखणं आहे. ९०० चा आकडा १९५९ च्या बाजारात गरिबाला ओळखू शकत होता. आकडा जागेवर राहतो, बाजार पुढे जातो. मग कधीतरी आंदोलन होतं, निवडणूक येते, आणि आकडा एकदम उडी मारतो. भारत सरकार शिष्यवृत्तीची मर्यादा २०१० साली एक लाखावरून दोन लाख आणि २०१३ ला अडीच लाख झाली. मी निवृत्त झाले तेव्हाही ती अडीच लाखच होती. याच काळात ओबीसींसाठी नॉन-क्रिमीलेअरची मर्यादा १९९३ च्या एक लाखावरून वाढत वाढत २०१७ ला आठ लाखांवर गेली. खुल्या प्रवर्गातल्या ई.बी.सी. मुलांची मर्यादा, मराठा मोर्चे रस्त्यावर आले त्या २०१६ च्या ऑक्टोबरात, एक लाखावरून सहा लाख झाली. तिला राजर्षी शाहू महाराजांचं नाव मिळालं, आणि २०१८ ला आठ लाख झाली. एकाच बाकावर बसणाऱ्या मुलांना मोजायच्या या पट्ट्या इतक्या वेगळ्या का, याचं समाधानकारक उत्तर मला कोणत्याही परिपत्रकात सापडलं नाही. अडीच लाखांच्या वर एक रुपया गेला की अनुसूचित जातीच्या मुलाची फी माफ राहते, पण निर्वाह भत्ता जातो. आणि शहरात खोली घेऊन राहणाऱ्या मुलाला फीपेक्षा तो भत्ताच लागतो. डबा, खोली, एस.टी. चा पास. फी भरून झाली तरी पोट रोज भरावं लागतं. आमच्या कॉलेजातून पुण्याला गेलेली मुलं कशी राहतात ते मी पाहिलंय. १९५५ साली अच्युतराव आपट्यांनी पुण्यात विद्यार्थी सहाय्यक समिती काढली ती खेड्यातल्या मुलांची हीच अडचण ओळखून. तिथे जागा मिळालेल्या आमच्या एका मुलाने मला पत्र लिहिलं होतं, त्यात अभ्यासाबद्दल एक ओळ आणि जेवणाबद्दल पानभर.

२०१६ च्या त्या निर्णयात अडीच ते सहा लाखांमधल्या मुलांना साठ टक्के गुणांची अटही होती. तो आदेश वाचला तेव्हा मला १८८२ चं निवेदन आठवलं. गरज मोजायची असेल तर गुण कशाला मोजता? पुढे ती अट सैल झाली, पण तोवर एक वर्षाचे फॉर्म गेले होते.

माझी शेवटची काही वर्षं ऑनलाइन अर्जांची. ऑनलाइन होणं मी वाईट म्हणणार नाही. पूर्वी पैसा कॉलेजकडे यायचा, प्रस्ताव जायचा, त्रुटी निघायच्या, पूर्तता व्हायची, मार्च उजाडायचा. त्यात कोणाचं नाव मधल्यामधे गळालं तर त्या पोराला पत्ताही लागत नसे. आता पोर स्वतःच्या मोबाइलवर अर्ज कुठे अडलाय ते बघतं. पण एक मोठी गोष्ट उलटी झाली. जुन्या ई.बी.सी.त पात्र मुलाला आम्ही म्हणायचो, "फी भरू नकोस." नंतर कितीतरी ठिकाणी सांगू लागले, "फी भर, पैसे तुझ्या खात्यावर येतील." ज्याच्याजवळ फी नाही म्हणून तो पात्र ठरला, त्यानेच आधी फी आणायची. २०१८ मध्ये एका मुलीच्या बापाने शेळ्या विकून फी भरली होती. आधार एका खात्याला जोडलेलं, अर्जात दुसरं खातं, पैसे आले ते दीड वर्षाने. ती दर सोमवारी खिडकीशी यायची. मी काय सांगणार? दर सोमवारी पुन्हा बघायचो, दोघी मिळून.

गेल्या काही वर्षांत आमच्या गल्लीतली मुलं जुलै लागला की कागद घेऊन माझ्या ओसरीवर येतात. २०२४ च्या जुलैत आदेश निघाला, की आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या आर्थिक दुर्बल, मराठा आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ, आधी निम्मं होतं. त्याच आठवड्यात शेजारची मुलगी आली. फार्मसीला नंबर लागलेला, बाप वीटभट्टीवर मुकादम, आई शिवणकाम करते. फाइल माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "काकू, सगळं फुकट आहे ना आता?"

मी चष्मा लावला आणि एकेक कागद काढला. प्रवेश सरकारी फेरीतून झालाय का, संस्थेच्या कोट्यातून तर नाही ना. फेरीतूनच होता. डोमिसाईल होतं. जातीचा दाखला होता, नॉन-क्रिमीलेअरची मुदत शिल्लक होती. रेशनकार्डाची झेरॉक्स फिकट, पण वाचता येत होती. उत्पन्नाचा दाखला काढला तर तो मागच्या आर्थिक वर्षाचा, ३१ मार्चला संपलेला. आणि त्यावर बापाचं नाव 'दत्तू', आधारवर 'दत्तात्रय'.

"हा चालायचा नाही," मी म्हटलं. तिचा चेहरा उतरला. मग मी वहीतलं पान फाडलं आणि एकाखाली एक लिहून दिलं: तलाठ्याकडून चालू वर्षाचा अहवाल, सेतूत अर्ज, नावात फरक असल्याचं प्रतिज्ञापत्र, बापाची सही समक्ष. "बाबांना उद्या भट्टीवर खाडा करायला सांग. तलाठी बुधवारी गावात असतो. आणि सेतूत दहाच्या आत जा, दुपारनंतर सर्व्हर चालत नाही."

तिने पान घडी करून मोबाइलच्या कव्हरमध्ये सरकवलं. बाहेर पाऊस लागला होता. मी आतून प्लास्टिकची पिशवी आणून दिली, फाइल भिजू नये म्हणून.